कपाटासारखी होडी

दुपारी जेवायला घरी गेलो, चप्पल काढताना सवयीनं फ्रीजला हात टेकला आणि दचकलो. फ्रीज हलला नाही.

आमचा फ्रीज घेतल्या दिवसापासून हलायचा. मी मंगळवेढ्यातला मिस्त्री, दारं-चौकटी करणारा. माझं दार एका बोटानं लागतं, कुरकुरत नाही, हे अख्ख्या तालुक्याला माहीत. पण घरच्या फ्रीजखाली एक पाचर ठोकायला मला अकरा उन्हाळे सवड झाली नव्हती. आणि आज तो देवळातल्या नंदीसारखा गच्च उभा.

खाली वाकून बघितलं. पायाखाली एक जाड पुस्तक. इंग्रजी.

"वैजू, ही तुझी कादंबरी नव्हं?"

"हं," वैजयंती म्हणाली आणि भाकरी ताटात टाकली.

"मग परीक्षा?"

"नाही."

बायको एवढंच बोलली की समजायचं, प्रकरण खोल आहे. वैजयंती मूळची मालवणकडची. तिचे वडील होड्या बांधणारे मेस्त्री. बारावी झाली नि वडील गेले, शिक्षण थांबलं, नि घाट चढून ती आमच्या काळ्या रानात आली. लेक लग्न होऊन बार्शीला गेल्यावर घर रिकामं झालं, तेव्हा हिनं कॉलेजात नाव घातलं. बी. ए., तेही इंग्रजी घेऊन. वर्गातली पोरं तिला काकू म्हणायची, ही त्यांना चिवडा न्यायची. दोन वर्षं झकास गेली. तिसऱ्या वर्षाला ही अमेरिकन कादंबरी आडवी आली.

रोज संध्याकाळी मी शेंगा फोडत बसायचो आणि ती मला त्या दिवशी वाचलेलं मराठीत सांगायची. त्यातली नावं माझ्या जिभेला वळायची नाहीत, म्हणून मी त्या शेतकऱ्याला पाव्हणा म्हणायचो आणि त्याच्या बायकोला पाव्हणी. शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट. चहूकडं नुसता गहू. टेकडी नाही, झाड नाही, वारा थांबत नाही, शेजाऱ्याकडं जायचं तर घोडागाडीनं अर्धा दिवस मोडतो. समुद्र तिथनं महिनाभराच्या वाटेवर. आणि हा पाव्हणा एक दिवस आपल्या कोठारापुढं होडी बांधायला घेतो. लोक विचारायला येतात, हा प्रत्येकाला वेगळंच काहीतरी सांगून वाटेला लावतो. शेवटी होडी गव्हातच राहते आणि पुस्तक संपतं. का बांधली, ते लिहिणाऱ्यानं शेवटपर्यंत लिहिलेलं नाही.

"आसंल बाबा, माझ्यासारखाच खोडकर," मी म्हणालो होतो.

पुस्तक फ्रीजखाली गेलं त्या दिवशी कॉलेजात काय घडलं ते मला वैजूनं सांगितलं नाही. ते काझी सरांकडून कळलं. काझी सर म्हणजे तिचे शिक्षक, चांगला माणूस, त्यांच्या घरची सगळी दारं माझीच. सरांनी वर्गात नोट्स सांगितल्या होत्या, होडी म्हणजे माणसाचं स्वप्न, गहू म्हणजे वास्तव, असलं काहीतरी. तेव्हा ही उठून उभी राहिली आणि इंग्रजीत विचारायला गेली, की सर, त्या बायकोचं काय? वाक्य मध्येच अडकलं. मागनं एक पोरगं म्हणालं, काकू, ती फक्त धुणं वाळत घालते. वर्ग हसला. सरही घाईत होते, ते परीक्षेला येत नाही म्हणाले नि पुढं गेले. ही खाली बसली ती बसलीच.

"मिस्त्री, तोंडी परीक्षा जवळ आलीय," सर कळवळून म्हणाले. "सोलापूरच्या मॅडम येणार आहेत. वैजयंतीबाई परीक्षेला नाही बसल्या तर वर्ष गेलं. आणि मला वाटतं, वर्ष गेलं तर त्या परत यायच्या नाहीत."

मलाही तेच वाटत होतं. परीक्षेचं एक वेळ सोडा, घरातलं बोलणं आटलं होतं. हं आणि नाही, एवढ्यावर संसार चाललेला. मी तिला हसवायला जाऊन बघितलं. भाजीत मीठ नसताना कौतुक केलं, फ्रीजला नमस्कार करून उदबत्ती लावली. ढिम्म. समजूत घालायला गेलो तर उठून आत. मनाशी म्हटलं, मुकुंदा, सरळ दारानं जमत नाही, खिडकी बघ.

संध्याकाळी दुकानात बसून मालवणला मेव्हण्याला फोन लावला. गुणाजी त्याचं नाव, वैजूचा धाकटा भाऊ, वडिलांचा धंदा तोच चालवतो. बराच वेळ इकडचं तिकडचं बोललो. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानापुढं, भर रस्त्याला, मी होडी बांधायला घेतली.

आता मंगळवेढ्यात होडी म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगावं लागेल. आमच्याकडं ज्वारी पिकते. रान सपाट, परातीसारखं. माघात वारा सुटला की दिवसभर कानात घोंघावतो. नळाला पाणी एक दिवसाआड, तेही मोटर लावून ओढायचं. अशा गावात, बस स्टँडच्या रस्त्यावर, एक शहाणासुरता मिस्त्री जुन्या दारांच्या फळ्या काढतोय आणि विचारलं तर म्हणतोय, होडी.

पहिल्या दिवशी किराणावाले शेटे आले. मी त्यांना कानात सांगितलं की उजनी धरणाचं पाणी थेट बाजारपेठेतून नेणार आहेत, वरून हुकूम आलाय, गुळाची पोती माळ्यावर चढवा. शेटे हसत गेले, पण संध्याकाळी त्यांच्या दुकानात शिडी दिसली. नगरपालिकेचा माणूस आला, रस्त्यावर काय मांडलंय विचारायला. त्याला म्हटलं, तुमच्या गटारीचं पाणी वाढलंय, पलीकडं जायला लागते. तो मुकाट गेला. दोन पक्षांचे कार्यकर्ते वेगवेगळे येऊन गेले, कारण दोघांनाही वाटलं मी निवडणुकीला उभा राहतोय आणि होडी माझं चिन्ह आहे. मी दोघांनाही नाही म्हणालो, पण जरा लाजत. त्यामुळं दोघांनीही चहा पाजला.

सगळ्यात भारी केरूबाई. आमच्या आळीतली म्हातारी, नव्वदीला टेकलेली. काठी टेकत आली, होडीभोवती चक्कर मारली आणि म्हणाली, "मुकुंदा, तुलाबी माज्यासारका दृष्टांत झाला का काय?"

"कसला, आजी?"

"परळयाचा. लई पाणी येणार. मला माज्या शेळीसंगट जागा ठिव."

तिला मात्र खोटं सांगवेना. म्हटलं, आजी, पहिली जागा तुमची, शेळी मांडीवर घ्या.

गंमत अशी, की जो यायचा तो आपलं आपणच कारण घेऊन यायचा. व्यापाऱ्याला धंदा दिसला, पुढाऱ्याला राजकारण, म्हातारीला मरण. मी फक्त मान हलवायचो. तुम्हीही विचाराल, खरं कारण काय? सांगतो. कामाला लागलोय, मध्ये बोलू नका.

होडी आकाराला येत गेली, तशी ती वाईट दिसायला लागली. पुढचं टोक चपटं, मागचं निमुळतं, तळ सपाट. फळ्या दाराला जोडतात तशा कडेला कड लावून ठोकलेल्या. लांबून बघणाऱ्याला वाटावं, कुणीतरी कपाट आडवं पाडलंय. कॉलेजची पोरं तिच्यात बसून फोटो काढायला लागली. त्यांच्यातल्याच कुणीतरी वैजूला फोटो दाखवला. काकू, मिस्त्रीकाकांनी कादंबरी मनावर घेतलीय.

त्या दिवशी चारच्या सुमाराला ती दुकानाकडं येताना दिसली. हातात पिशवी, म्हणजे बाजाराला निघाल्याचं सोंग. रस्त्याच्या पलीकडं उभी राहिली. माझ्याकडं बघितलं नाही, होडीकडं बघत राहिली. मी खाली मान घालून एक फळी ठोकत होतो. ती सरळ रस्ता ओलांडून आली, पिशवी खाली ठेवली आणि होडीच्या चपट्या टोकावर हात ठेवला.

"ह्यां काय तां?"

मी मान वर केली.

"होडयेची नाळ अशी आसता? नाळ म्हणजे पाणी कापणारा टोक. ह्यां तर कपाट आसा. कपाटाक बूड लावून कोण समुद्रात जाता? पाण्यात सोडलात तर दगडासारखी तळाक जातली. माझ्या बापाशीन ह्यां बघल्यान असता तर तुमका माडार बांधून घातल्यान असतो."

रस्त्यावरचे लोक थांबले. शेटे दुकानातून बाहेर आले. तुम्हाला सांगतो, लग्न होऊन आली तेव्हा ही असंच बोलायची. आमची आई, आत्या, शेजारणी, सगळ्या तिच्या बोलण्याला हसायच्या, वाईट मनानं नाही, पण हसायच्या. मग हळूहळू तिनं आमचं बोलणं उचललं आणि आपलं कुठंतरी घडी घालून ठेवून दिलं. इतकं नीट ठेवलं की मीही विसरलो होतो, हिच्या तोंडात दुसरी एक भाषा आहे.

"मला काय कळतंय होडीतलं," मी म्हणालो. "मी दारवाला माणूस."

"मग गप ऱ्हवा आणि खिळे काढा."

तिनं पदर खोचला. आख्खा पुढचा भाग उपटायला लावला. मला नाळ उभी करायला लावली, तिला पोटासारखा फुगारा कसा येतो ते हातानं हवेत काढून दाखवलं. फळी वाकवायची तर आधी वाफ द्यावी लागते, तर शेजारच्या हॉटेलातनं उकळत्या पाण्याचं पातेलं मागवलं. रोज दुपारी यायला लागली. एकीकडं हात चालायचा, दुसरीकडं तोंड. माझ्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. आणि मधेच वडिलांच्या गोष्टी. नवी होडी पाण्यात घालायच्या आधी तिच्या नाळीला हळदकुंकू कसं लावतात, लहानपणी ती रिकाम्या होडीत कशी झोपून जायची, आणि आई तिला सगळ्या वाडीत शोधत कशी फिरायची. एवढं सगळं मला माहीतच नव्हतं. म्हणजे मी विचारलंच नव्हतं.

एके दिवशी फळीवर हातोडी उगारली आणि ती तशीच थांबली.

"काय झालं?"

हातोडी माझ्या हातात दिली नि तरातरा घराकडं गेली. मी मागं. घरात जाऊन म्हणाली, फ्रीज उचला. मी उचलला. तिनं पुस्तक ओढून काढलं, धूळ झटकली, जमिनीवर बसली आणि पानं उलटायला लागली. फ्रीज परत डुगडुगायला लागला. मला तो आवाज इतका बरा वाटला की काय सांगू.

परीक्षेच्या दिवशी कॉलेजात माझं काहीच काम नव्हतं. पण योगायोग बघा, त्याच खोलीचं दार अडकत होतं. मी काझी सरांना म्हणालो, पाहुण्या मॅडमसमोर दार अडकलेलं बरं दिसत नाही, फुकटात घासून देतो. सर माझ्याकडं बघून हसले आणि हो म्हणाले. तर मी दाराबाहेर रंधा घेऊन बसलेलो, आत वैजू, काझी सर आणि सोलापूरच्या फडतरे मॅडम.

सुरुवातीला सगळं इंग्रजीत चाललं. त्यातलं मला काही कळलं नाही, फक्त वैजूचा आवाज कुठं अडखळतोय तेवढं कळत होतं, आणि तिथं माझाही रंधा अडकत होता. मग मॅडमनी विचारलेलं कळलं, कारण त्या मराठीत आल्या.

"हे तुमचं उत्तर नोट्समधलं नाही. मला नीट ऐकायचंय. मराठीत सांगा. त्यानं होडी का बांधली?"

"ती चुकीची बांधता यावी म्हणून," वैजू म्हणाली.

रंधा थांबला. माझा.

"मॅडम, ती बाई समुद्रकाठची आहे. हे एका ओळीत येतं, परत येत नाही. तिचे वडील होड्या बांधायचे. लग्न होऊन ती गव्हात येते आणि बोलणंच बंद करते. लेखकानं पानंच्या पानं वाऱ्यावर लिहिलीत. मला आधी वाटायचं, काय एवढं वाऱ्याचं. पण आमच्याकडं ज्वारी निसवली, कणसं आली की वारा तिच्यावरनं असा जातो, की गच्चीवरनं बघितलं तर लाटा दिसतात. आवाजही तोच. नुसतं पाणी नसतं. मी ते बावीस वर्षं बघतेय. ती धुणं वाळत घालताना तेच बघत उभी राहते. पोरांना वाटतं, तिला काम नाही."

वैजूचा आवाज आता अडखळत नव्हता.

"आणि आख्ख्या पुस्तकात ती एकदाच बोलते. होडीजवळ येते आणि म्हणते, पुढचं टोक चुकलंय. बस. पण त्यानंतर रोज ती होडीजवळ उभी असते. त्याला होडी नको होती, मॅडम. त्याला ती बोलायला हवी होती."

"पण तो मुद्दाम चुकला कशावरून? त्याला येत नसेल."

"आधी एक प्रसंग आहे. कोठाराचं दार त्यानं केलेलं आहे आणि ते एका बोटानं लागतं. मी दारवाल्याच्या घरात आहे. ज्याचं दार एका बोटानं लागतं, त्याच्या हातून फळी वाकडी बसत नाही. बसवली तरच बसते."

"तुमचे मिस्टरही होडी बांधतायत ना? स्टँडवर मी बघितली. त्यांचीही दारं चांगली असतात म्हणे."

मी दाराला कान लावला, ते जरा आत सरकलं. घासल्यामुळं आता अडकत नव्हतं ना.

"त्यांचं वेगळं आहे," वैजू म्हणाली. "त्यांना खरंच येत नाही. दारं सोडली तर ओ की ठो कळत नाही त्यांना. पण ते चुकले म्हणून मला हे कळलं, एवढं मात्र खरं."

मॅडम हसल्या, आणि मला फटीतून दिसलं, हसताना त्या वैजूकडं बघत नव्हत्या. दाराकडं बघत होत्या. बायकोनं चारचौघांत माझी अक्कल काढली होती आणि मी रंधा छातीशी धरून येड्यासारखा खुशीत बसलो होतो. आयुष्यात एवढ्या खोड्या केल्या, पण अशी मजा कधी आली नव्हती.

निकाल चांगला लागला. पोरांनी काकूंना हार घातला, मागनं बोललेल्या त्या पोरानं सगळ्यात मोठा.

होडीही झाली. गुणाजी मालवणहून मुद्दाम आला, फटी बुजवायला आणि बहिणीनं काय केलंय ते बघायला. टेम्पोत घालून आम्ही ती माचणूरला नेली, भीमेच्या घाटावर. अर्धा गाव मागं. केरूबाई शेळी घेऊन आली, पण होडी बघून म्हणाली, आधी तुम्ही जाऊन या, बुडला न्हाईत तर मी बसते. वैजूनं नाळीला हळदकुंकू लावलं आणि होडी पाण्यात गेली. तरंगली. नुसती तरंगली नाही, बदकासारखी ऐटीत निघाली.

आत आम्ही तिघं. पुढं वैजू एक वल्हं घेऊन, मागं गुणा दुसरं घेऊन, मधे मी ओझं म्हणून. नदीच्या मध्यावर आलो. गुणानं लाकडावरनं हात फिरवला, खूश झाला आणि त्याच्या भोळ्या तोंडानं बोलून गेला.

"भावोजी, होडी झकास झाली. पण माका एक कळूक नाय. मी तुमका फोनार सगळा समजावन सांगितलंय. नाळ आधी उभी करा, मगे फळये, वाफ कशी देवची, सगळा. तुमी परत म्हणून पण दाखवलात. मगे ताई म्हणता सुरवातीक तुमी कपाटासारखी केलात. ती कित्याक?"

वैजूचं वल्हं पाण्यातच राहिलं.

ती सावकाश वळली. मी पाण्याकडं बघितलं. मला पोहता येत नाही. घाट लांब होता, आणि काठावर उभं असलेलं अख्खं मंगळवेढं हात हलवत होतं. आजवर प्रत्येक खोडीनंतर मला पळायला एक बोळ सापडला होता. नदीत बोळ नसतो.

"तुम्हाला येत होती," ती म्हणाली.

"थोडीफार."

"आणि मी एवढे दिवस रस्त्यावर उभी राहून तुम्हाला ज्या शिव्या घातल्या?"

"त्याच तर ऐकायच्या होत्या."

ती माझ्याकडं बघत राहिली. गुणाला काहीच कळलं नव्हतं, तो बिचारा एकदा हिच्याकडं, एकदा माझ्याकडं. मग तिनं वल्हं उचललं, पाण्यावर असं आपटलं की मी डोक्यापासून निथळायला लागलो, आणि सुरू झाली. माझ्या बापापासून. मालवणीत.

मी गुणाला खुणेनं सांगितलं, हळू घे बाबा. काठ काही पळून जात नाही.